घरी करायचं मायक्रोबायोम किट: मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका त्यातून कळतो का?

आतड्यातल्या जिवाणूंची, म्हणजे मायक्रोबायोमची, तपासणी करायला घरी शौचाचा नमुना घेऊन कुरियरने पाठवायची किट आता ऑनलाइन सहज मिळतात. काही हजार रुपये भरले की रंगीत आलेखांचा अहवाल हाती येतो. पचनाबद्दल कुतूहल असेल तर एकदा करून बघायला हरकत नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका जाणून घेण्यासाठी मात्र घेऊ नका.

या कॅन्सरचं प्रमाण पुरुषांत स्त्रियांच्या तीन ते चार पट आहे. विडी-सिगारेट हे सर्वांत मोठं कारण. पण तो हिशेब वेगळा काढला तरी फरक उरतोच. त्यामागे टेस्टोस्टेरॉन आणि एक्स-वाय गुणसूत्रांचा हात असल्याचं दिसतं, आणि आता आतड्यातल्या जिवाणूंकडेही लक्ष गेलंय. जर्मनीतल्या हायडेलबर्गची युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी आणि क्रोएशियातलं स्प्लिट विद्यापीठ यांचं 2024 मधलं उंदरांवरचं काम यात फार मोलाचं आहे. बीबीएन हे रसायन तंबाखूच्या धुरातल्या नायट्रोसमाइन्सच्या कुळातलं. आतड्यातले जिवाणू त्याचं बीसीपीएन हे कॅन्सरकारक रसायन करतात, ते मूत्राशयात साचतं आणि तिथे गाठी होतात. अँटिबायोटिक देऊन जिवाणू घटवलेल्या उंदरांत गाठी खूपच कमी झाल्या. माणसांच्या शौचातल्या जिवाणूंची ही क्षमताही व्यक्तीगणिक वेगळी निघाली.

दुसरा धागा हार्मोन्सचा. यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पित्तातून आतड्यात सोडतं. बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) असलेले जिवाणू ती जोडणी तोडतात आणि हार्मोन पुन्हा रक्तात शिरतं. म्हणजे स्त्री-पुरुष फरकात जिवाणूंचा वाटा असणं शक्य आहे, पण माणसांत ते अजून सिद्ध झालेलं नाही.

आता किटकडे. स्वस्त किट 16एस या, जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा एक तुकडा वाचतात. त्यातून बहुतेकदा जिवाणूची प्रजातीसुद्धा नक्की कळत नाही, आणि एकाच प्रजातीच्या दोन वाणांपैकी एकात ते विकर असतं, दुसऱ्यात नसतं. त्यामुळे अहवालात दिलेला ‘इस्ट्रोजेन स्कोअर’ हा जिवाणूंच्या नावांवरून बांधलेला अंदाज. नमुन्यातला सगळा डीएनए वाचणाऱ्या शॉटगन पद्धतीत जनुकं दिसतात, म्हणून ती सरस. पण जनुक आहे म्हणजे ते काम करतंय असं नव्हे. शिवाय आकडे टक्केवारीत येतात: एक जिवाणू घटला की बाकीचे न वाढताही वाढलेले दिसतात. आपले आकडे ज्यांच्याशी ताडले जातात तो तुलनेचा गट स्त्री-पुरुष वेगळा आहे का, हे कंपनीला आधी विचारा.

तरी करायचंच असेल तर अँटिबायोटिक संपल्यावर निदान चार आठवडे थांबा. आधी लघवी करून घ्या, मग कागद अंथरून त्यावर नमुना घ्या. संडासच्या भांड्यातलं पाणी लागू देऊ नका. वाटाण्याएवढा पुरे. जास्त भरला तर नळीतला द्रव तो नीट टिकवू शकत नाही. नमुन्यातल्या गुठळ्या फुटेपर्यंत नळी हलवा. टिकवणारा द्रव नसलेली किट टाळाच, कारण उन्हाळ्यात कुरियरच्या वाटेवर ई. कोलाय फोफावतो आणि अहवाल आतड्याऐवजी डब्याचा निघतो.

लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं आणि एकदाच गेलं तरी, पैसे इकडे घालवू नका. शे-दोनशे रुपयांची युरिन रूटीन आणि युरॉलॉजिस्टची भेट जास्त कामाची. सोनोग्राफी भरल्या मूत्राशयावर करा. चपटी गाठ त्यातही सुटते, म्हणून दुर्बिणीची तपासणी लागू शकते. सायटॉलॉजीला (लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी) सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभरात पेशी खराब होतात. कमी आक्रमक (लो-ग्रेड) कॅन्सरच्या गाठी ही चाचणी बऱ्याचदा चुकवते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून तपास थांबवू नका.

बायकांच्या बाबतीत हे रक्त पाळीचं किंवा जंतुसंसर्गाचं समजून अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक दिले जातात आणि निदान लांबतं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडला नाही आणि रक्त जातच असेल, तर पुढच्या कोर्सआधी दुर्बिणीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.