झेड की टी? सरासरीचा विश्वास-अंतराल काढताना

नमुन्यावरून संपूर्ण समष्टीची, म्हणजे पूर्ण गटाची, सरासरी ज्या पट्ट्यात असावी असा अंदाज बांधतो, तो विश्वास-अंतराल. तो काढायच्या झेड आणि टी या दोन्ही सूत्रांचा सांगाडा एकच: नमुन्याची सरासरी घ्या आणि प्रमाण त्रुटीला (प्रमाण विचलन भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ) एका गुणकाने गुणून दोन्हीकडे तेवढं अंतर सोडा. प्रश्न त्या गुणकाचा आहे.

झेड पद्धतीत ९५ टक्के विश्वासासाठी तो कायम १.९६. पण त्यासाठी संपूर्ण समष्टीचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) आधीच माहीत हवं. खरं सांगायचं तर जिची सरासरीच ठाऊक नाही, तिचं विचलन ठाऊक असणं विरळाच.

हीच अडचण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना जाणवली. हाताशी मोजकेच नमुने असत. विचलनही त्यांतूनच काढलं, तर त्या अंदाजातली अनिश्चितता हिशेबात धरायलाच हवी. १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. टी पद्धतीचं मूळ तिथे आहे.

फरक किती पडतो? समजा १० नमुने, सरासरी ५०, विचलन ६. झेडने ४६.२८ ते ५३.७२, टीने (१० नमुन्यांसाठी गुणक २.२६२) ४५.७१ ते ५४.२९. नमुने पाचच असतील तर फसगत मोठी: विचलन नमुन्यातूनच घेऊन १.९६ वापरलं, तर ९५ टक्के म्हणून सांगितलेला विश्वास प्रत्यक्षात जेमतेम ८८ टक्के भरतो, तोही मूळ वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं, नॉर्मल) असेल तर. असे आकडे अहवालात छापणं मला अजिबात पटत नाही.

नमुने १०० झाले की टीचा गुणक १.९८४ वर येतो, वाद जवळपास मिटतो. म्हणून माझं मत टीच्याच बाजूने. एक्सेलमध्येही 'कॉन्फिडन्स.नॉर्म'ऐवजी 'कॉन्फिडन्स.टी' निवडा.