ठाणे खाडीतील रोहित-फेरी : भरतीच्या वेळेने चालणारे तीन तास

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही घरातली चार माणसे एका छोट्या निसर्गगटाबरोबर रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, पाहायला ठाणे खाडीच्या फेरीला गेलो. आधी कांदळवनाच्या कडेने तासभर पायी आणि नंतर बोटीने खाडीत, असा तिचा क्रम होता.

निघण्याची वेळ गटाने भरती-ओहोटी पाहून ठरवली होती, आणि या फेरीचे निम्मे यश मला त्यातच दिसते. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी पांगतात. भरती चढू लागल्यावर मात्र बोटीला पुरेसे पाणी मिळते आणि उघडा चिखल आक्रसत गेल्याने रोहित पक्षी उरलेल्या पट्ट्यात दाटीने चरू लागतात. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे दर रविवारी सकाळी सातला निघणाऱ्या फेरीपेक्षा तिथी पाहून वेळ बदलणारी फेरी मला अधिक विश्वासाची वाटते.

पायी फेरीत मार्गदर्शकाने पक्ष्यांआधी चिखल दाखवला, हे मला फार आवडले. तिवर या कांदळवनातल्या झाडाचे पान जिभेला लावायला सांगून त्यावरचे मीठ त्यांनी आम्हाला चाखवले. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास का येतो, त्यात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी वर का येतात, हे त्यांनी तिथेच उभे राहून समजावले. माझी दहा वर्षांची भाची त्यानंतर निवट्यांच्या, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांच्या, उड्या पाहण्यात इतकी गुंगली की तिला बोटीकडे ओढून न्यावे लागले. त्याच मुळांना भरतीबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या पाहून मन विषण्ण झाले. ठाणे खाडीचे सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ पासून रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पिशव्या मात्र रोजच्या भरतीबरोबर येतच आहेत.

बोटीवरचे तांडेल खाडीचे जाणकार होते. थवा दिसताच त्यांनी इंजिन बंद केले आणि बोट पाण्यावर नुसती तरंगत ठेवली. डोके उलटे करून चोचीने चिखलपाणी गाळणारे ते पक्षी, त्यांचा अखंड चाललेला कलकलाट, लहान रोहिताची गडद लाल चोच आणि मोठ्या रोहिताच्या फिकट गुलाबी चोचीचे काळे टोक, हे सारे शांतपणे पाहता आले. एका सहप्रवाशाने थवा उडवून दाखवण्याचा आग्रह धरला, तेव्हा मार्गदर्शकाने, प्रत्येक उड्डाणात त्यांचे चरणे थांबते आणि शक्ती वाया जाते, असे सांगून ठाम नकार दिला. त्या नकारासाठीच मी या गटाची मनापासून शिफारस करीन.

दोन उणिवा मात्र स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. एका बोटीत चोवीस जण होते आणि दुर्बिणी चारच, त्यामुळे शेकाटे, तुतारी यांसारखे पाणपक्षी आणि दूर उभे असलेले चित्रबलाक करकोचे अनेकांना नीट दिसलेच नाहीत. दुसरी उणीव मला अधिक महत्त्वाची वाटते. लहान रोहित ज्या सूक्ष्म शैवालावर जगतात, ते सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद (नायट्रोजन आणि फॉस्फरस) यांवर फोफावते. शहराचे सांडपाणी आणि पक्ष्यांची ही गर्दी यांचा असा संबंध अभ्यासक मानतात, पण फेरीत त्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. श्रोते एवढे उत्सुक असताना हा अवघड विषय टाळायला नको होता.

जाणाऱ्यांनी डोक्यावर टोपी, पायात चिखलाने खराब झाले तरी चालतील असे बूट आणि शक्य असल्यास स्वतःची दुर्बीण न्यावी. खाडीत स्वच्छतागृह नसल्याने ज्येष्ठांसाठी ती सोय बोटीत बसण्यापूर्वीच पाहून ठेवावी. आम्ही मे महिन्यात, थवे कच्छकडे परतण्याआधी, पुन्हा जाणार आहोत. या वेळी कमी माणसांची बोट मिळेल का, हे नोंदणी करतानाच विचारून घेऊ.