जेनेटिक क्लिनिक आणि ट्रायो एक्सोम टेस्ट: आमचा अनुभव

मुलाला झटके यायचे, चालताना तोल जायचा, एमआरआय नॉर्मल, औषधं बदलून बदलून आम्ही थकलो आणि शेवटी इथे आलो. काउन्सेलर मॅडमनी फाइल बाजूला ठेवली, आधी मोबाईलमधला झटक्याचा व्हिडिओ दोनदा बघितला, मग कागदावर चौकोन-गोल काढत घराण्याची वंशावळ मांडली, आजी-आजोबांपर्यंत सगळं विचारलं. सकाळी उपाशीपोटी जास्त होतं आणि खाल्लं की बरं वाटतं, हे मी आधीही सांगत होते, पण लिहून घेतलं ते यांनीच!

ट्रायो टेस्ट म्हणजे तिघांचं रक्त, मुलाचं आणि आम्हा दोघांचं. एक्सोम हा डीएनएचा प्रथिनं बनवायची माहिती असलेला जेमतेम १ ते २ टक्के भाग, पण आजार घडवणारे बरेचसे माहीत असलेले बदल त्यातच सापडतात. आमच्या केसमध्ये एसएलसी२ए१ जीनमध्ये बदल निघाला, आमच्या दोघांच्या रक्तात नसलेला, मुलातच नव्याने झालेला. आजाराचं नाव ग्लुट-१ डेफिशियन्सी, यात मेंदूला ग्लुकोज नीट पोचत नाही. यावर किटोजेनिक डाएट (भरपूर फॅट, अगदी कमी कार्ब्स, म्हणजे मेंदूला ग्लुकोजऐवजी फॅटपासून बनणारं इंधन मिळतं) आहे, पण डॉक्टर आणि डाएटिशियनच्या देखरेखीखालीच, घरी आपल्या मनाने नाही हं.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट आधी मेलवर आला आणि समजावणारी अपॉइंटमेंट नंतर, मधले दिवस नुसती घालमेल. आणि सगळ्यांनाच उत्तर मिळतं असं नाही, कधी अर्थच न लागणारा बदल येतो, तेव्हा काही काळाने तोच डेटा परत तपासून देतात का ते आधीच विचारून घ्या.