पर्यावरणासाठी बायबल वाचताना: उत्पत्तीपासून सुरुवात करावी की लेवीयपासून?

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक मंडळ्या सृष्टीसाठी राखून ठेवतात. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या फ्रान्सिसचा सण. कोल्हापुरात तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, पंचगंगा पात्रात परतलेली असते आणि काठच्या झाडांना पुरात आलेलं प्लास्टिक लटकत असतं. तरुण संघाने किंवा महिला मंडळाने या विषयावर चार रविवार बायबल अभ्यास ठरवला, तर पहिला प्रश्न येतो उताऱ्यांचा. वाटा मुख्यतः दोन आहेत.

एक ख्रिस्ती मंडळींच्या ओळखीची. उत्पत्ती १:२८ मध्ये माणसाला मिळालेली सत्ता, तिला आवर घालणारं २:१५, म्हणजे एदेन बागेची मशागत आणि राखण, मग स्तोत्र २४:१ आणि शेवटी रोमकरांस ८:१९-२२ मधली कण्हणारी सृष्टी. पृथ्वी देवाची, माणूस तिचा कारभारी, हे तिचं सूत्र. दुसरी वाट यहुदी परंपरेची. शास्त्र तेच, पण सुरुवात आज्ञांपासून: निर्गम २३:१०-११, लेवीय २५, अनुवाद २०:१९-२०, २२:६-७ आणि २५:४. सृष्टीबद्दल काय वाटावं हे इथे कुणी फारसं विचारत नाही. कोणतं झाड तोडायचं नाही, केव्हा, आणि तोडलंच तर कशासाठी, यावर वाद चालतो.

कारभाऱ्याची वाट एवढी रुळली त्याला कारण आहे. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माच्या मानवकेंद्री विचारात दाखवलं. त्याला उत्तर देताना मंडळ्यांनी २:१५ पुढे केलं. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही (परिच्छेद ६७) त्याच वचनाच्या आधारे ‘सत्ता म्हणजे लूट’ हा अर्थ नाकारला. ही मांडणी तासाभरात समजते, शब्बाथशाळेतल्या मुलांनाही कळते, आणि मुलांसाठी आम्ही तीच सुचवू.

मोठ्यांच्या गटात मात्र ती लवकर संपते. कारभाऱ्याने जपून वागावं हे सगळ्यांना मान्य असतं. किती जपून, कुणाच्या खर्चाने, हे उत्पत्ती २ सांगत नाही. शिवाय आपल्याकडे कारभारी म्हटल्यावर डोळ्यासमोर संस्थेचा कारभारी येतो, आणि त्याचा लौकिक काही फार चांगला नाही.

या वाटेवर कोल्हापुरात एक खास अडचण येते. उत्पत्ती ९ मधला करार देवाने नोहाबरोबरच सर्व सजीवांशी केला आहे, त्यामुळे पर्यावरणासाठी तो उतारा अगदी नेमका. पण २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांच्या घरात शिरले, त्यांच्यासमोर तो दोन प्रकारे बिघडतो. कुणीतरी म्हणतं, देवाने पुन्हा पूर न आणण्याचं वचन दिलंय. दुसरं कुणी पुराला पापाची शिक्षा ठरवतं. ९:११ मधलं वचन सर्व प्राणिमात्रांचा नाश करणाऱ्या प्रलयाबद्दल आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हा हिशेब त्यात येत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट करा, नाहीतर सगळी बैठक सांत्वनात किंवा भांडणात जाते.

आता आज्ञांची वाट. अनुवाद २०:१९ म्हणतो, शहराला वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका. वचन युद्धापुरतं आहे. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ते कारणाशिवाय केलेल्या कुठल्याही नासाडीला लावलं: भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरा बुजवणं, अन्न वाया घालवणं. बाराव्या शतकात मैमोनिदेस या यहुदी पंडिताने हीच यादी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली. तालमुद या रब्बींच्या चर्चाग्रंथात तर दिव्यापर्यंत चर्चा जाते: तेलाच्या दिव्यावर झाकण ठेवणारा आणि नाफ्थ्याचा दिवा उघडा ठेवणारा, दोघेही ही आज्ञा मोडतात, कारण दोन्हींत इंधन गरजेपेक्षा भराभर जळतं. आणखी एक माप आहे: खजुराचं झाड वर्षाला एक काब, म्हणजे लिटर-दोन लिटर फळ देत असेल, तर ते तोडायचं नाही. लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त असेल तर मात्र मुभा आहे. या वाटेची कमजोर जागा नेमकी हीच. माणसाचा फायदा दाखवता आला की नियम वाकतो, आणि रस्तारुंदीत वड पाडणाऱ्याला फायदा दाखवणं कधीच कठीण गेलेलं नाही.

चपलांच्या या शहरात मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहातला एक नियम (बाबा बत्रा २:९) आवर्जून वाचावा. मेलेली जनावरं, कबरी आणि कातडं कमावण्याची जागा गावापासून ५० हात, म्हणजे सुमारे ७५ फूट लांब हवी. त्यातही कातड्याचं काम फक्त गावाच्या पूर्वेला, वास गावावर येऊ नये म्हणून. रब्बी अकिवा म्हणतो, पश्चिम सोडून कुठेही चालेल. नियम धंदा बंद करत नाही, त्याची जागा ठरवतो, हे आधी सांगा. नाहीतर चर्चा कातडं कमावणाऱ्या कुटुंबांवर बोट दाखवत सुटते आणि इचलकरंजीच्या खाली पंचगंगेत मासे का मरतात हा प्रश्न बाजूला पडतो. त्या माशांसाठी होशेय ४:१-३ घ्या: खोटं, चोरी, रक्तपात, आणि त्यापायी शोक करणारी भूमी आणि नाहीसे होणारे मासे.

सगळ्यात जास्त वेळ लेवीय २५ ला द्यावा. सहा वर्षं पेरणी, सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ, म्हणजे विसावा: पेरणी नाही, छाटणी नाही, आपोआप उगवेल ते मालक, मजूर, परका, गुरंढोरं सगळ्यांचं. अनुवाद १५ प्रमाणे त्याच वर्षी कर्जमाफी. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. लेवीय २५ तीच सुट्टी जमिनीला देतं.

उसाच्या पट्ट्यात हे वाचलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: वर्षभर रान पडीक ठेवून खायचं काय? हाच प्रश्न २५:२० मध्ये आहे आणि पुढच्याच वचनात उत्तरही आहे, की सहाव्या वर्षी तीन वर्षांचं पीक येईल. पण शेतकऱ्याला हे उत्तर देऊन गप्प करू नका. यहुदी कायद्यात ही आज्ञा फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे, आणि तिथेही पळवाटा निघाल्या. कर्जमाफी येतेय म्हणून कुणी उधार देईना, तेव्हा हिल्लेल या रब्बीने कर्ज न्यायालयाच्या नावे करण्याची सोय काढली. १८८९ पासून जमीन तात्पुरती बिगरयहुद्याला विकण्याची प्रथा सुरू झाली, आणि काही रब्बी ती आजही मानत नाहीत. या पळवाटा लपवू नका, गटात सगळ्यात खरी चर्चा त्यांच्यावरच होते.

शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन समोर असताना प्रश्न असा मांडता येतो: ऊस, खोडवा, पुन्हा ऊस, भरपूर पाणी, आणि जमिनीला सुट्टी कधीच नाही, याचा हिशेब कोण देतं? लेवीय २६:३४-३५ चं उत्तर कडक आहे. तुम्ही दिली नाही, तर तुम्ही बंदिवासात गेल्यावर जमीन स्वतःच सुट्टी घेईल. यावर कुणी सुचवेल, एकरातले पावणेसहा गुंठे, म्हणजे सातवा हिस्सा, आळीपाळीने ताग-धैंचाला, म्हणजे हिरवळीच्या खताला, ठेवू. शेतीच्या दृष्टीने सल्ला उत्तम. पण शब्बाथ वर्षाच्या नियमाने ताग पेरणं हीही पेरणीच, आणि लेवीयमधलं वर्ष सगळ्यांचं एकदम येतं. हा फरक सांगून ठेवा, मग ज्याला जे करायचं ते करू दे.

दोन वाटा समोरासमोर येतात त्या अनुवाद २५:४ वर: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको. यहुदी परंपरा हे बैलासाठीच वाचते आणि इतर जनावरांनाही लावते. पौल १ करिंथ ९:९ मध्ये विचारतो, देवाला काय बैलांची काळजी आहे? आणि वचन सुवार्तिकाच्या पोटापाण्याला लावतो. बेंदराला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या गावात ही दोन वाचनं शेजारी ठेवली की कुणालाही झोप येत नाही. ‘नियमशास्त्र आता आपल्याला लागू नाही’ हा आक्षेपही इथेच निघतो. त्याला एवढंच सांगावं की आपण कायदा पाळायला बसलेलो नाही, वचन आधी कुणासाठी बोललं गेलं ते पाहतोय.

वादविवाद नको असलेल्या गटासाठी ईयोब ३८-३९ आणि स्तोत्र १०४ पुरेत. ईयोब ३८:२६ मध्ये जिथे माणूसच नाही अशा जमिनीवर पाऊस पडतो. २ पेत्र ३:१० आणि प्रकटीकरण २१ पासून मात्र सुरुवात करू नये. सगळं जळणारच आहे तर नदी कशाला वाचवायची, या प्रश्नात बैठक अडकते.

मोठ्यांच्या गटासाठी आमचा कौल आज्ञांच्या वाटेला: पहिल्या रविवारी बैल, दुसऱ्या रविवारी झाड आणि दिवा, तिसऱ्या-चौथ्या रविवारी लेवीय २५-२६. वाचन यहुदी पद्धतीने दोघादोघांच्या जोडीने करा. वीस मिनिटांत दोन-तीन वचनं, प्रत्येकाने दुसऱ्याच्या अर्थावर एक तरी हरकत घ्यायचीच. अख्खा अध्याय घेतला तर जोड्या नुसत्या वाचत राहतात. यहुदी आवृत्ती सोबत ठेवणार असाल तर स्तोत्रांचे आकडे आधी जुळवून घ्या. तिच्यात बऱ्याच स्तोत्रांच्या शीर्षकालाही वचन धरतात, म्हणून आपलं स्तोत्र ८:६ तिथे ८:७ असतं. स्तोत्र १०४ ला शीर्षक नाही, त्यामुळे तिथे आकडे सारखेच.