मापाचे इनसोल: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

टाचदुखीसाठी पोडियाट्रिस्टने, म्हणजे पावलांच्या डॉक्टरांनी, मापाने करून दिलेले हे बुटात घालायचे इनसोल. कवच पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लास्टिकचं, टाचेला खोलगट वाटी, वर ईव्हीए या मऊ फोमचं अस्तर. सकाळच्या पहिल्या पावलांना येणारी कळ बरीच कमी झाली. मात्र याचं सगळं श्रेय इनसोलचं नाही.

आधी तपासणीबद्दल, कारण इनसोलची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. रोजचे झिजलेले बूट सोबत न्यावेत, पँट गुडघ्यापर्यंत वर घेता येईल अशी असावी. पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन नाड्या बघतात. मग डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात आणि स्पर्श कळला का ते विचारतात. टाचेच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेला अंगठ्याने दाबल्यावर नेमकं दुखलं, तर संशय प्लांटर फॅसिआवर, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्यातल्या जाड पट्ट्यावर जातो. घोटा किती वर वळतो ते गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, असं दोनदा पाहतात. सरळ गुडघ्याला अडतो आणि वाकवल्यावर सुटतो, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला. शेवटी एका पायावर टाच उचलायला लावतात आणि अनवाणी चालवून बघतात. यातलं काहीही न करता दाबपट्टीवर उभं करून रंगीत चित्र दाखवलं आणि लगेच इनसोल विकायला काढले, तर सरळ उठून यावं.

मापासाठी पावलाचा ठसा प्लास्टरने, फोमच्या खोक्यात किंवा स्कॅनरने घेतात. फोममध्ये स्वतःच्या पूर्ण वजनाने उभं राहिलं, तर कमान दबलेल्या स्थितीतच छापली जाते. म्हणून पाऊल डॉक्टरांनीच धरून दाबायचं असतं.

सवय होईपर्यंत धीर लागतो. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज साधारण तासभर वाढवत जायचं. दोन-तीन आठवड्यांत दिवसभर चालतात. धावणं त्यानंतरच. कमानीखाली खडा असल्यासारखं वाटणं सुरुवातीला ठीक, पण कातडी लाल होऊन अर्ध्या तासातही ओसरत नसेल, किंवा गुडघा नव्याने दुखू लागला, तर रेटायचं नाही. कड घासून किंवा उतार कमी करून देतात. त्यासाठी परत जावंच लागतं, आणि ती फेरी आधीच धरून चालावी.

सर्वांत जास्त वैताग बुटांचा. मूळ आतला सोल काढता येत नसेल, तर टाच वर उचलली जाते आणि चालताना बुटातून निसटते. नाडीचा, मागचा भाग कडक आणि पुरेसा खोल असलेला बूट हवा. सपाट पंप शूज आणि चपला यांत हे इनसोल निरुपयोगी. कवच बुटाला घासून करकर वाजतं, त्यावर खाली थोडी टाल्कम पावडर टाकली की आवाज थांबतो. चवड्याखालचं अस्तर काही महिन्यांत दबलं आहे. कवच मात्र जसंच्या तसं आहे, आणि अस्तर बदलून मिळतं. ओल्या फडक्याने पुसावेत, मशीनमध्ये किंवा उन्हात तापलेल्या गाडीत टाकू नयेत.

व्यायाम सोडले तर इनसोल फक्त कुबडी. बोटं नडगीकडे ओढून 10 सेकंद धरायची, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप अंथरुणातून उतरण्याआधीच. शिवाय बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, पायरीच्या कडेवर टाच 3 सेकंदांत वर, 2 सेकंद धरून, 3 सेकंदांत खाली. हा व्यायाम दिवसाआड. तरीही दुखणं पूर्ण जायला महिने लागतात.

साध्या टाचदुखीसाठी आधी तयार, बऱ्यापैकी टणक इनसोल वापरून बघावेत. अभ्यासांत मापाचे त्यांच्यापेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत. पायाची ठेवण खूपच वेगळी असेल किंवा तयार सोल बसतच नसेल, तेव्हा मापाच्यांना अर्थ आहे.

मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी असं कडक कवच स्वतःहून घेऊ नये. घासलेलं कळत नाही आणि जखम होते. त्यांच्यासाठी थरांचे मऊ इनसोल करतात, आणि नवीन असताना दर वेळी बूट काढल्यावर तळवा आरशात बघायचा. कुरुपावर आम्लाच्या पट्ट्याही त्यांनी लावू नयेत. घट्टा किंवा कुरूप पोडियाट्रिस्ट ब्लेडने पातळ थर काढत सोलतो. मेलेली कातडी असल्यामुळे सहसा दुखत नाही. पण खालचा दाब तसाच राहिला, तर काही आठवड्यांत परत येतं.