जुन्या अल्टोत नवा स्टिरिओ: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

गाडी २००८ची अल्टो. डॅशमध्ये सिंगल डिनची (स्टिरिओच्या एका ठरावीक मापाची) जागा, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर. पुण्यात नाना पेठेत ज्याला विचारावं तो डॅश कापून अँड्रॉइड स्क्रीन बसवायला सांगत होता. मी घेतला साधा, सीडी नसलेला डेक, म्हणजे डॅशमध्ये बसणारा स्टिरिओचा मुख्य डबा. ब्लूटूथ, यूएसबी, रेडिओ आणि आवाजाला गोल नॉब. खड्ड्यांतून जाताना स्क्रीनवर बोट नेमकं टेकवून दाखवावं कुणी! नॉब न बघता सापडतो.

डेकबद्दल एवढंच. खोक्यावर ५५ वॅट गुणिले ४ असं छापलेलं असतं, त्यावर भाळू नका. गाडीच्या बॅटरीवर चालणारा आतला अ‍ॅम्प ४ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण वीसेक वॅट आरएमएसच (सलग टिकणारी ताकद) देतो, कंपनी कुठलीही असो.

खरा खेळ वायरिंगचा. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी मूळ कपलर (वायरींचा जोड-प्लग) तोडून वायरी पिळून टेप गुंडाळला होता. उन्हात त्या टेपचा डिंक होतो आणि सांधे उघडे पडतात. फिटरला आधीच सांगितलं, सोल्डर करायचं, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवायची. कुरकुरला, पण केलं. पिवळी वायर कायम १२ व्होल्टला, लाल एसीसीला, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येते त्या जोडणीला. घाईत या दोन्ही एकत्र जोडून देतात. मग चावी काढली तरी डेक सुरूच राहतो, आणि अल्टोच्या छोट्या बॅटरीला रात्रभर ते झेपत नाही. दोघींची अदलाबदल झाली तर चावी काढताच लावलेली स्टेशनं पुसली जातात.

पहिल्या आठवड्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक किणकिण येई, इंजिनाबरोबर चढत जाणारी. ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची. काळी, म्हणजे अर्थची वायर डॅशमागच्या रंगवलेल्या पट्टीवर कसली होती. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ घेतला, त्या दिवसापासून शांतता.

स्पीकर पुढच्या दारांत सव्वापाच इंची, कोएक्शियल, म्हणजे मधोमध बारीक आवाजाचा छोटा स्पीकर असलेले. व्यासाआधी खोली मोजा. काच पूर्ण खाली घेऊन बघितलं नाही तर ती मॅग्नेटवर आपटते. पावसाळ्याचा धडा मात्र वेगळाच. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच रचना असते. म्हणून ती भोकं काडीने मोकळी केली, आणि फिटरने "हा कशाला हवा" म्हणत बाजूला टाकलेला आतला प्लास्टिकचा कागद परत चिकटवून घेतला. स्पीकरचे कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारे पडदे, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे आहेत. कागदी कोन असते तर आषाढातच लगदा झाला असता.

रेडिओवाल्यांसाठी एक गोष्ट. डेकच्या मेनूत प्रदेश अमेरिकेचा असेल तर मिडियम वेव्हवर तो १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने उड्या मारतो, आपल्याकडे टप्पा ९चा. आकाशवाणी पुण्याचं ७९२ मग लागणारच नाही. ७९०वर खरखर, पुढे थेट ८००. एफएमवरही १०१.० हुकतं, कारण तिकडच्या स्टेशनांचा दशांश विषम असतो. सेटिंग बदललं की काम झालं, तरी लोक एरियलला शिव्या देत बसतात.

कॉलचा माइक स्टिअरिंगच्या खांबावर होता तेव्हा आईला माझ्यापेक्षा इंजिनच जास्त ऐकू यायचं. सन व्हायजरवर नेला, आता ठीक. हायवेवर काचा उघड्या असतील तर बोलणं सोडाच. दुपारी उन्हात डिस्प्लेवरचे आकडे पुसट दिसतात, तेही खरं.

मागे स्पीकर नाहीत आणि बसवणारही नाही. त्या पैशांत दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (कंप शोषणारा थर) लावली. बास फार वाढला नाही, पण ढोलकी वाजली की दार थरथरत नाही. डाव्या दारात अजून काहीतरी खडखडतं. बहुधा लॉकची सळई असावी, दिवाळीच्या सुट्टीत पॅनेल उघडून बघणार आहे.