झिंकची गोळी आणि फटीतला ब्रश: पावसाळाभर वापरून झाल्यावर

डायबिटीस, हिरड्यांतून रक्त, आणि रिपोर्टमध्ये झिंक कमी, कॉपर जास्त. असं एकत्र दिसलं की हात आधी झिंकच्या गोळीकडे जातो. रत्नागिरीच्या दमट हवेत पावसाळाभर गोळी आणि दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, दोन्ही वापरून मत पक्कं झालंय: पैसे आधी ब्रशवर घाला.

कारण रिपोर्टच्या आकड्यांतच आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की लिव्हर सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. रक्तातलं बहुतेक कॉपर त्याच प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून आकडा चढतो. तांब्याच्या कळशीतलं पाणी बंद करून तो उतरत नाही. सूज असताना झिंक उलट रक्तातून लिव्हरमध्ये ओढलं जातं, आणि शुगर चढलेली असली की लघवीवाटेही जादा जातं. म्हणून आधी हिरड्यांची सूज घालवायची, आणि ते काम ब्रशचं.

झिंक-कॉपरची तपासणी सकाळी उपाशीपोटीच करा. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक नमुन्यात उतरू शकतं, म्हणून गडद निळ्या झाकणाची नळी मागा. नमुना मुंबईला जाणार असेल तर सीरम (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) इथेच वेगळं करतात का, हे विचाराच. वाटेत तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं झिंक मिसळून आकडा खोटाच चांगला दिसतो.

गोळी घ्यायचीच तर पाकिटावर प्रत्यक्ष झिंक किती ते वाचा. ५५ मिग्रॅ झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये ते साधारण २० मिग्रॅच असतं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्या, लोहाच्या गोळीसोबत नको. रोज ५० मिग्रॅ प्रत्यक्ष झिंक महिनोन् महिने चाललं तर कॉपर शोषलं जात नाही, रक्त कमी होतं, पाय बधिर होतात. डायबिटीसवाल्याचे पाय बधिर झाले की सगळे शुगरलाच दोष देतात, गोळीकडे कुणी बघत नाही. मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. ओहोटीला काढलेली कालवं नीट शिजवून खाल्ली तर झिंक भरपूर मिळतं.

आता ब्रश. एका तोंडाला बहुधा दोन-तीन मापं लागतात, ०.४ ते ०.८ मिमीच्या आसपास. जरा घट्ट बसेल पण जोर लावावा लागणार नाही, ते माप बरोबर. रात्री, पेस्ट न लावता, प्रत्येक फटीत दोन-चार वेळा आत-बाहेर. दाढांसाठी तार किंचित वाकवा. तिरका रेटला किंवा फटीत पिळला की तार मानेशी तुटते. सुरुवातीला ब्रशचे केस रक्ताने गुलाबी होऊन बाहेर येतात, घाबरून थांबू नका. दोन आठवड्यांनीही एखादी फट रक्ताळत असेल तर खाली कीटण आहे, ते डेंटिस्टकडूनच निघणार. मिश्री लावणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग झाकला जातो. पावसाळ्यात ओल्या ब्रशला टोपण घालू नका, बुरशी धरते. उभा, उघडा ठेवा.

डेंटिस्टकडून खोलवर साफसफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासने उतरतं, असं अभ्यासांत दिसलंय. एकट्या ब्रशकडून तेवढी अपेक्षा नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर साफसफाईच्या दिवशी जेवूनच जा. झिंक-कॉपर पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी, एचबीएवनसीच्या रक्तासोबत, हिरड्यांची सूज उतरल्यावर. तेव्हाही झिंक कमीच आलं तर गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.